पायाळू आणि यंत्र

आमच्या लहानपणी गुप्तधनाच्या ज्या गोष्टी सांगितल्या जात, त्यांत एक पायाळू माणूस हटकून असे. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले, म्हणजे त्याला भुईच्या पोटातले द्रव्याचे हंडे दिसतात, अशी समजूत होती. हंड्यावर नाग वेटोळे घालून बसलेला असावयाचा आणि धन उकरणाराचा निर्वंश व्हावयाचा, हा त्या गोष्टींचा ठरीव शेवट. माझ्या आजोळच्या गावी असा एक पायाळू होता. त्याला भुईतले धन कधी दिसले नाही. घरातले मात्र सावकाराने नेताना त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले.

त्या पायाळूची आठवण मला गेल्या वर्षी बंगळुरात झाली. सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझे बिऱ्हाड सध्या तेथे मल्लेश्वरम भागात आहे. शेजारी एक मराठी कुटुंब राहते. इतक्या पिढ्यांपूर्वी तेथे आलेले, की त्यांच्या मराठीला कानडी हेल आला आहे, आणि माझी मराठीच त्यांना मुलखावेगळी वाटते. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा एके रविवारी परसात कानाला यंत्र लावून, हातातली लांब दांडी भुईवर फिरवीत हिंडत होता. दांडीच्या टोकाला थाळीएवढे कडे होते. मला पाहताच म्हणाला, "काका, मेटल डिटेक्टर! पोस्टाने मागवला." दुपारपर्यंत त्याने एक गंजका बिजागर, नळाच्या तोटीचा तुकडा, बाटल्यांची सात झाकणे आणि एक तांब्याचा पाव आणा इतके धन मिळविले. पाव आणा पाहून तो इतका हरखला, की त्या आनंदात मलाही वाटेकरी व्हावे लागले.

या यंत्राची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात रुतलेली गोळी सापडेना, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच एक यंत्र घाईघाईने तयार केले. परंतु खाटेतल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राचा घोटाळा केला असे म्हणतात, आणि गोळी काही मिळाली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसाक्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने पुरलेले सुरुंग हुडकण्यासाठी हाती धरावयाचे यंत्र सिद्ध केले, आणि १९४२ साली एल् अलामीनच्या वाळवंटात ते कामास आले. युद्ध संपल्यावर सुरुंगांच्या जागी लोक नाणी शोधू लागले. त्याचे तत्त्व सोपे आहे. तारेच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यातही सूक्ष्म प्रवाह उठतात, आणि त्यांची चाहूल यंत्र आवाजाने देते. धातूखेरीज यंत्राला काही ऐकू येत नाही. ते बिजागराला ओ देते, मोहरेला ओ देते. खापराला, मण्याला, हाडाला, विटेला, कोळशाला मात्र ते ठार बहिरे असते. त्याच्या या बहिरेपणाकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

बंगळुराच्या भुईत शोधण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. मल्लेश्वरम ही वस्ती तर १८९८ च्या प्लेगनंतर आखलेली. परंतु तेथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर यशवंतपूर आहे. तेथे १८९१ साली रेल्वेच्या खोदकामात एक भांडे लागले, आणि त्यात १६३ रोमन चांदीची नाणी निघाली. ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस या सम्राटांची ही नाणी. पुढे विमानाच्या कारखान्याच्या परिसरातही अशीच रोमन नाणी मिळाली. समुद्रापासून इतक्या दूर, पठारावर, रोमचा पैसा कसा आला? आपल्या मलबारची मिरी, कोइमतूरकडचे वैडूर्य आणि दक्षिणेचे तलम कापड यांसाठी रोमन धनिक वेडे झाले होते. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स गिळतो, अशी तक्रार प्लिनी या रोमन ग्रंथकाराने करून ठेवली आहे. त्या पाच कोटींतली ही चिमूटभर चांदी कोणा व्यापाऱ्याने यशवंतपुराच्या मातीत ठेवली, आणि काढावयाला तो परत आला नाही. पुरलेल्या प्रत्येक हंड्यामागे असा परत न आलेला एक माणूस असतो.

पण नाणी सोडा. बंगळूर शहराला आपल्या वयाचा दाखला ज्या वस्तूने दिला, ती यंत्राला कधीच सापडली नसती. वीरबल्लाळ राजा रानात वाट चुकला, एका म्हातारीने त्याला उकडलेले दाणे खाऊ घातले, म्हणून गावाचे नाव 'बेंदकाळूरु' पडले, ही कथा अजूनही पर्यटकांना सांगतात. बल्लाळ राजा बाराव्या शतकातला. शहराच्या दक्षिणेस बेगूर येथे नागेश्वराच्या देवळात एक वीरगळ आहे. त्यावरील लेखात बेंगळूरुच्या लढाईत पडलेल्या एका वीराचा उल्लेख आहे, आणि तो लेख इसवी सन ८९० च्या सुमाराचा आहे. राजाच्या आधी तीन शतके गावाला नाव होते! दाण्यांची गोष्ट त्या एका दगडाने खोटी पाडली. तसाच दुसरा दगड २०१८ साली हेब्बाळ येथे गटाराच्या चरात निघाला. त्यावर कित्तय्या नावाच्या वीराची आकृती आणि कानडी लेख आहे. काळ सुमारे इसवी सन ७५०, राजा गंग घराण्यातला श्रीपुरुष. आज ज्या हेब्बाळच्या पुलावर लोक तासन् तास मोटारीत अडकून पडतात, तेथे साडेबाराशे वर्षांपूर्वी चालून आलेल्या सैन्याशी लढता लढता हा कित्तय्या पडला. खोदकाम करणाऱ्या यंत्राने तो दगड फोडला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. जवळपासच्या रहिवाशांनी आणि काही हौशी अभ्यासकांनी धावाधाव केली, म्हणून तो वाचला.

आमच्या मल्लेश्वरमचीही अशीच एक कथा आहे, आणि ती मराठी माणसाने ऐकण्याजोगी आहे. १६३८ पासून बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांचे पुत्र, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी १६६९ साली येथल्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याचा शिलालेख काडु मल्लेश्वराच्या देवळात आहे. या देवळाच्या जवळच एक मोकळी जागा वर्षानुवर्षे पडून होती. १९९७ साली तेथे खोदकाम होऊन मातीखालून एक आखीव दगडी कुंड, नंदी आणि त्याच्या मुखातून पडणाऱ्या पाण्याखालचे शिवलिंग असे सबंध देवस्थान बाहेर आले. लोकांची झुंबड उडाली, आणि ते सात हजार वर्षांचे असल्याची आवई उठली. जाणकार चार शतकांच्या फारसे मागे जात नाहीत. मला हा प्रकार नवा नाही. जमिनीतून निघालेल्या वस्तूची किंमत आणि वय लोक एकाच वेळी वाढवीत नेतात. पण चारशे वर्षे म्हणजे काळ थोडा झाला काय? ते कुंड एकोजीराजांनी पाहिले असण्याचा संभव आहे, एवढेच मला पुरेसे वाटते.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हे भाषण पत्करले, तिकडे वळतो. भुईतून निघालेली वस्तू मोलाची की तिची जागा मोलाची?

नाशिकजवळ जोगलटेंभी नावाचे गाव आहे. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३,२५० च्या वर नाणी, आणि सारी एकाच राजाची, क्षहरात क्षत्रप नहपान याची. पैकी ९,२७० च्या आसपास नाण्यांवर दुसरा ठसा मारलेला होता, आणि तो होता गौतमीपुत्र सातकर्णीचा. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई बलश्री हिने कोरविलेल्या लेखात आपल्या पुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे म्हटले आहे. आईने लेकाचे केलेले कौतुक इतिहासकार किती मानणार? परंतु हा साठा बाहेर आला आणि आईच्या शब्दाला तेरा हजार साक्षीदार मिळाले. जिंकणाराने हरलेल्या राजाचे नाणे गोळा करून त्याच्या मुखवट्यावर आपला ठसा उमटवीत चालविला होता. दोन तृतीयांश काम झाले होते, एक तृतीयांश राहिले होते. हे प्रमाण आपल्याला का कळते? साठा एकत्र राहिला आणि एका जाणत्याने तो मोजला, म्हणून. त्यांतली पाचशे नाणी सराफाच्या मुशीत गेली असती, हजार मुंबईच्या बाजारात आणि उरलेली चार गावांत पसरली असती, तर आज प्रत्येक नाणे खरे असूनही ही हकीकत नाहीशी झाली असती.

वऱ्हाडातल्या तऱ्हाळ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. १९३९ साली तेथे सुमारे सोळाशे नाणी मिळाली. ती ना सोन्याची ना चांदीची. पोटीन नावाच्या हिणकस मिश्रधातूची, काळपट, झिजलेली. मोडीत त्यांना कोणी विचारले नसते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती चिकाटीने वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे निघाली, जी पुराणांच्या राजवंशांत कोठेच नाहीत. विस्मृतीत गेलेले राजे त्या हिणकस तुकड्यांनी परत आणले.

दायमाबादची गोष्ट मात्र रुखरुख लावणारी आहे. प्रवरेच्या काठच्या या गावी १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना काशाची चार शिल्पे मिळाली. एक बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा सारथी. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. चौघांचे वजन मिळून साठ किलोच्या वर. महाराष्ट्राच्या भुईने दिलेले याहून थोर दान मला ठाऊक नाही. पण ती वर निघाली तेव्हा शेजारी कोणी पुराणवस्तुवेत्ता नव्हता. ती कोणत्या थरात होती, तिच्या बरोबर कोणते खापर होते, वरची माती अखंड होती की कोणी पूर्वी खड्डा खणून त्यात ती ठेवली होती, हे त्या क्षणी कोणी पाहिले नाही. नंतर तेथे मोठे शास्त्रोक्त उत्खनन झाले, आणि पुष्कळ विद्वानांनी ती उत्तर हडप्पा काळाची मानली. तरी धातूतील सोमलाच्या प्रमाणावरून आणि इतर कारणांवरून शंका घेणारे राहिलेच. वस्तू हाती आहे, पण तिचा जबाब नोंदविलेला नाही. त्या शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. तो मूळ काढावयास गेला होता. यंत्र घेऊन मुद्दाम जाणाराची गोष्ट निराळी. ते बहिरे यंत्र धातूपाशी थांबते. मग माणूस कुदळ घालतो, आणि ज्या खापरांनी, कोळशाने, मातीच्या रंगाने काळ सांगितला असता, ती सारी साक्ष बाजूला फेकून देऊन एक नाणे खिशात घालतो.

आणि हा हौशी माणूस तरी परवडला. दक्षिणेत गुप्तधनाच्या लोभाने नंदी फोडणारे, लिंगाखालची माती उकरणारे, वीरगळ उलथून टाकणारे लोक पिढ्यान् पिढ्या आहेत. महाराष्ट्रातल्या गढ्या आणि किल्ले यांतूनही असे खड्डे मी पाहिले आहेत. पूर्वी त्यांच्यापाशी पायाळू असे, आता यंत्र आले.

याला कायदा नाही काय, असे विचाराल. आहे, आणि तो मी नोकरीत शिरताना परीक्षेसाठी पाठ केलेला आहे. १८७८ चा निखात निधीचा कायदा महाराष्ट्रात अजून चालू आहे. कर्नाटकाने १९६२ साली आपला वेगळा केला. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन भुईत सापडले, तर सापडणाराने कलेक्टरला लेखी कळवावयाचे आणि ते सरकारी खजिन्यात ठेवावयाचे. निधीचा कोणी मालक निघाला नाही आणि जमीनमालकाशी निराळा करार झालेला नसला, तर तीन हिस्से सापडणाराला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. कळविले नाही तर हिस्सा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद. सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग इतका मोबदला द्यावयाचा. पुन्हा ऐका: धातूची किंमत. तऱ्हाळ्याच्या पोटीनची किंमत काय होणार? दायमाबादचा रथ काशाच्या भावाने तोलावयाचा? ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर मोहरांचा हंडा होता. तेथे इतिहास सापडेल हे त्यांच्या ध्यानी नव्हते. पुढे १९५८ आणि १९७२ च्या कायद्यांनी संरक्षित जागी खणण्यास आणि प्राचीन वस्तूंच्या व्यापारास आळा घातला. तरी शेतकऱ्याची गाठ पडते ती कायद्याशी नव्हे, कचेरीशी.

हे मी ऐकीव सांगत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी मी उमेदवारी करीत असता, एक म्हातारा शेतकरी कचेरीत आला. विहिरीच्या कामात गाडगे लागले, त्यात चांदीचे तुकडे आहेत, असे तो हलक्या आवाजात म्हणाला. मी तरुण होतो, आणि कायदा पाठ होता. मी त्याला लेखी अर्ज आणण्यास सांगितले. अर्ज आणला, तेव्हा सात-बाराचा उतारा मागितला. तिसऱ्या खेपेस तो आला त्या दिवशी मी दौऱ्यावर होतो, आणि कारकुनाने त्याला, "न कळवता ठेवलंस तर आत जाशील," एवढे कलम तेवढे नीट समजावून दिले. चौथ्यांदा तो आला नाही. दोन महिन्यांनी मी त्याच्या गावी गेलो. त्याने मला बाजेवर बसविले, चहा दिला, आणि बराच वेळ पावसाचे बोलत राहिला. मग म्हणाला, "सायेब, भ्या वाटलं. समदं सराफाला घातलं." नातीच्या लग्नात त्या चांदीचे पैंजण झाले होते. एक तुकडा मात्र त्याने देव्हाऱ्यात ठेवला होता, तो आणून माझ्या हातावर ठेवला. बोटाच्या पेराएवढे नाणे. एका बाजूस राजाचे मुख, भोवती झिजलेली अक्षरे.

रीतसर पंचनामा करून ते मी वर पाठविले. एका नाणकशास्त्रज्ञाला दाखविले, तेव्हा त्यांनी विचारले, "किती होती? सगळ्यांवर हेच मुख होते का? गाडगे कसले होते?" मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. त्यांनी नाण्याकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. म्हाताऱ्यावर मी कारवाई केली की नाही, हे येथे सांगण्याचे कारण नाही. पण जोगलटेंभीचे नाव वाचले की मला ते पैंजण आठवतात.

इंग्लंडात याचा विचार निराळ्या रीतीने झाला. तेथे १९९२ साली हॉक्सन या गावी एक शेतकरी शेतात हरवलेला हातोडा शोधून देण्यास आपल्या मित्राला यंत्र घेऊन बोलावतो काय, आणि हातोड्याऐवजी रोमन सोन्यारुप्याची खाण हाती लागते काय! पण त्या गृहस्थाने थोडे धन वर येताच हात आवरला आणि खबर दिली. तज्ज्ञ आले, आणि सबंध पेटी जागच्या जागी, जशी रचली होती तशी उकलली गेली. सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. बक्षीस साडेसतरा लाख पौंड. ते दोघा मित्रांनी वाटून घेतले. हातोडाही मिळाला, आणि तोसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९९६ साली तेथे नवा कायदा झाला. सापडलेल्या निधीची बाजारभावाने किंमत ठरते, आणि पुढल्याच वर्षापासून लोकांनी आणलेल्या लहानसहान वस्तूसुद्धा जागेसकट नोंदवून घेणारी माणसे नेमली गेली. आपल्याकडे उघड्या रानातही देवळे आणि वसलेल्या गावांखाली गावे आहेत. तेथली मोकळीक येथे चालणार नाही, हे मला मान्य आहे. मला हेवा वाटतो तो नोंदवून घेणाऱ्या त्या माणसांचा. आमच्या म्हाताऱ्याला तसा एक माणूस भेटावयास हवा होता.

तसा माणूस आपल्याकडे झालाच नाही असे नाही. धाराशिवजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथे कै. रामलिंगप्पा लामतुरे हे व्यापारी गृहस्थ राहत. पावसाने पांढरीची माती धुऊन गेली की वर येणारे मणी, खापरे, मातीच्या बाहुल्या, नाणी ते आयुष्यभर जमवीत राहिले. यंत्र नाही, पदवी नाही. हजारो वस्तू जमल्या. त्यांतली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेईच्या राखेखाली मिळालेल्या मूर्तीची बहीण शोभते. ती पाँपेई इसवी सन ७९ मध्ये गाडली गेली, म्हणजे तेरचा काळही उमगला. लामतुऱ्यांनी वस्तू तेरच्या तेरमध्ये ठेवल्या, आणि आज त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय त्याच गावी उभे आहे. त्यांनाही थर सांगता आला नाही हे खरे. परंतु गावाचे नाव कोणत्याही वस्तूवरून पुसले गेले नाही.

हे सारे मी एका संध्याकाळी शेजारच्या त्या मुलाला सांगितले. तो ऐकत होता की नाही, शंका होती. पुढल्या रविवारी देवनहळ्ळीकडे एका ओळखीच्याच्या शेतात जावयाचे त्याने ठरविले होते. तो बेत रद्द झाल्याचे त्याच्या आईने सांगितले, तेव्हा मला जरा अपराधी वाटले. महिन्याभराने तो एक चौकड्यांची वही घेऊन आला. परसाचा नकाशा काढला होता: विहीर, नारळीची दोन झाडे, कपडे धुण्याचा दगड. पाव आणा कोठे सापडला तेथे फुली, आणि शेजारी लिहिलेले: 'विहिरीपासून सात पावले पूर्वेस, वीतभर खोल, बरोबर निळ्या काचेचा बांगडीचा तुकडा.' बांगडीच्या तुकड्यावर यंत्र वाजले नव्हते. तो त्याने हाताने माती चाळून काढला होता. वहीत बाटल्यांची सातही झाकणे नोंदलेली होती.